गाडीतला संसार: तांडा, कोपी आणि माझी कार्गो व्हॅन

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. एसटीत रेंज गेली, हेडफोन घरी राहिला, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी.

आजचा विषय आहे चाकांवरचं घर. तुमच्या फोनमध्ये पण ते रील आलेच असतील. मालवाहू व्हॅन, आत लाकडी फळ्या, पिवळे दिवे, मागचं दार उघडलं की समोर समुद्र. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, महिन्यातले निम्मे दिवस पुण्यात आणि निम्मे नेकनूरला घरून काम. संध्याकाळचा शेवटचा कॉल संपला की मी पण टेप, वही आणि पेन्सिल घेऊन बसतो. नोकरी न सोडता एका कार्गो गाडीचं घर करायचं, असा माझा बेत आहे.

हिशोब सांगतो. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, तिचा मागचा हौदा साधारण सात फूट लांब. झोपायला पुरतो, पण पाय पसरले की संपला. लॅपटॉप पन्नास वॅटचा धरला आणि आठ तास चालवला, तर दिवसाला ०.४ युनिट वीज. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १.२ युनिट मावते, म्हणजे पंखा, राउटर धरून दोन दिवस निघतात. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन. आणि हो, मनाला येईल तसं कापाकापी करता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा वेगळं काही करायचं तर आरटीओची परवानगी लागते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत कायमचा पलंग ठोकून निघालात तर अडवणार.

हे सगळं मी आईला एकदा कौतुकाने सांगत होतो. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, गाडीतला संसार सुटावा म्हणून तुला शिकिवलं, आन् तू पैसे भरून गाडीत संसार मांडाय निघालास व्हय?"

ज्यांना नेकनूर माहीत नाही त्यांच्यासाठी: बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातले रस्ते ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांनी भरतात. माणसं ऊस तोडायला निघालेली असतात. माझे आजी-आजोबा जायचे, आणि लहानपणी आईही त्यांच्याबरोबर जायची. म्हणजे वाहनात राहून पूर्ण वेळ काम करायची कल्पना आमच्याकडे रीलच्या आधीपासून आहे. म्हणून मी बॅटरीचा हिशोब बाजूला ठेवला आणि एक प्रश्न घेऊन वाचायला लागलो: गाडीचं घर नेमकं कशाने होतं?

मागे जाऊ. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरत होता. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलंय. धान्य, मीठ बैलांच्या पाठीवर, आणि बायका-पोरं बरोबर. ही माणसं तंबूत राहतात आणि मालाची ने-आण हाच त्यांचा धंदा, असं तो सांगतो. हे म्हणजे बंजारे, लमाण. मुघल फौजांना धान्य पोचवणारी माणसं हीच. तेव्हा त्यांना कोणी बेघर म्हणत नव्हतं. उलट तांडा आला नाही तर फौज उपाशी, त्यामुळे तांडा उतरेल तिथे त्याला जागा मिळायची.

मग १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली. पुढच्या काही दशकांत रूळ आणि पक्के रस्ते आतपर्यंत पोचले आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. ज्या जमाती फिरस्त्या, त्यांच्यातल्या अनेकांवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का बसला. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. गंमत बघा, माणसं तीच, पालं तीच. बदललं काय, तर थांबायचा हक्क गेला. हा कायदा रद्द झाला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

त्याच काळात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं, हे वाचून मी थक्क झालो. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्यात खास घोड्यांची फिरती गाडी बनवून घेतली. नाव ठेवलं 'द वाँडरर', म्हणजे भटक्या. हौसेसाठी बांधलेलं पहिलं चाकांवरचं घर म्हणून ती गाडी ओळखली जाते. आत पुस्तकं वगैरे सगळा थाट. दोन घोडे, एक गाडीवान, आणि पुढचा रस्ता बघायला तीनचाकी सायकलवर पुढे जाणारा एक नोकर! डॉक्टरसाहेब हिंडून आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं.

ही कल्पना त्यांना सुचली कुठून? रस्त्यावरच्या जिप्सी लोकांच्या गाड्या त्यांच्या आधीपासून फिरत होत्या. पण त्याच १८८० च्या दशकात तिथल्या पार्लमेंटमध्ये फिरत्या घरांवर नोंदणी आणि तपासणी बसवणारी विधेयकं येत होती. ती मंजूर झाली नाहीत, पण रोख कोणावर होता ते उघड आहे. एकाच रस्त्यावर दोन गाड्या. एका गाडीवर प्रवासवर्णन निघतं, दुसरीवर विधेयक.

आता माझ्या व्हॅनची खरी आजी. फोक्सवॅगनची डबा गाडी १९५० मध्ये आली, मुळात मालासाठी. १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. बसायचं बाकडं, त्याचाच पलंग, कपाट, शेगडीची जागा, आणि सगळं बाहेर काढता येणारं. म्हणजे सोमवार ते शुक्रवार गाडी मालाची, शनिवार-रविवार घराची. युद्धातून सावरणाऱ्या मध्यमवर्गाला दोन गाड्या परवडत नव्हत्या, त्यावरचा हा उपाय होता. नोकरी सांभाळून व्हॅनचं घर करणाऱ्या सगळ्यांचा मूळपुरुष हाच डबा. मी पण असंच निघणारं फर्निचर करायच्या विचारात आहे.

पण थांबायचं कुठे, हा प्रश्न इंग्लंडलाही सुटला नव्हता. १९६८ मध्ये तिथे कायदा झाला की स्थानिक संस्थांनी जिप्सी कुटुंबांच्या गाड्यांसाठी जागा द्यायच्या. १९९४ मध्ये ती जबाबदारी कायद्यातून काढून टाकली. जागा गेली की गाडी जिथे उभी, तिथे अतिक्रमण.

आता पुन्हा आपल्याकडे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. ऊस तोडला की त्यातली साखर लगेच कमी व्हायला लागते, त्यामुळे तोडायला एकाच वेळी भरपूर माणसं हवीत, आणि तीही हंगामापुरतीच. ती माणसं कोरडवाहू बालाघाटाने पुरवली. त्यात १९७२ चा दुष्काळ आला आणि जाणाऱ्यांची रांग आणखी लांबली.

व्यवस्था तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादम आधी 'उचल' देतो आणि ती हंगामभर तोडून फेडायची. स्वतःचे बैल आणि गाडी घेऊन जाणारे ते गाडी सेंटरचे, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहणारे ते डोकीचे. टनाचा दर करारावर ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्के वाढून २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला.

आई सांगते तो गाडी भरायचा क्रम असा. तळाला बाजरी-ज्वारीची पोती, कारण वजन खाली पाहिजे. त्यावर भांडी आणि हंडा. मग गोधड्या, आणि गोधड्यांवर पोरं. मागे कंदील, डालग्यात कोंबड्या. वाटेत मुक्काम पडला की बैल सोडायचे आणि गाडीखालीच अंथरायचं. मी हे ऐकताना मनात म्हणत होतो, जड सामान खाली आणि आखाच्या जवळ, हा नियम तर व्हॅनवाल्यांच्या प्रत्येक व्हिडिओत असतो.

पण इथे एक मोठा फरक आहे. कारखान्यावर पोचल्यावर गाडी रिकामी करावी लागते, कारण आता तिच्यात ऊस भरायचा असतो. प्रवासापुरती मालगाडी घर झाली, आता घर पुन्हा मालगाडी. संसार उतरतो मोकळ्या रानावर. बांबू, चटई, पाचट, ताडपत्री, की झाली कोपी. वाकून आत जायचं. पहाटे अंधारात फडावर, वाहतुकीची गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आईला त्या वयात सगळ्यात जास्त आठवतो तो पाण्याचा हंडा, आणि अंधार पडायची वाट बघणाऱ्या बायका. कारण आडोसा नव्हता.

ही आठवण फक्त जुनी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. कारणं अनेक आहेत. पण आजारपणाचा 'खाडा' पडला की पैसे कापणार, आणि राहायच्या जागी संडास-न्हाणी नाही, या दोन गोष्टी त्यात आहेतच.

आता अमेरिका. २००८ च्या मंदीत घरं गमावलेली, म्हातारपणी व्हॅनमध्ये राहायला लागलेली माणसं हंगामी कामं करत फिरतात. जेसिका ब्रूडर या पत्रकाराने त्यांच्यावर 'नोमॅडलँड' पुस्तक लिहिलं, २०१७ मध्ये. त्यावरच्या सिनेमाला ऑस्करही मिळालं. या माणसांचं एक काम माहितीये कुठलं? साखरेच्या बीटाचा हंगाम! नॉर्थ डकोटा, मिनेसोटाकडे, शरद ऋतूत, बारा-बारा तासांच्या पाळ्या. साखर तीच, चाकांवरचं घर तेच, थकवाही तोच. पण तिथे कामाच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की गाडी लावायची जागा आणि तिथलं वीज-पाणी मालकाच्या खर्चाने. ही काही दया नाही, मजुरीचाच भाग आहे.

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं. गाडीच्या आत कितीही छान प्लायवूड लावा, तिचं घर होतं ते ती जिथे उभी राहते त्या जागेमुळे. तिथे नळ आहे का, संडास आहे का, दिवा आहे का, आणि "इथून निघा" म्हणणारा कोणी आहे का. तांड्याला ते मिळत होतं तोवर तांडा हे घर होतं.

आणि आपल्या सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात फिरत्या घरांसाठी कॅरॅव्हॅन पार्क आहेत, पाणी, रस्ते, विजेच्या सोयीसकट. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली, म्हणजे पोरांनी तरी गावात राहून शिकावं. चांगलंच आहे. माझ्या शिक्षणाची सुरुवातही याच विचारातून झाली, फक्त तेव्हा वसतिगृहाच्या जागी आजी होती. पण आई-बापाच्या मुक्कामाचं काय? दोन रात्री समुद्र बघायला गेलेल्या माझ्या व्हॅनला नळ आणि वीज द्यायची हे धोरणात बसतं. मग पाच-सहा महिने एकाच कारखान्यावर राहणाऱ्या टोळीच्या तळावर नळ, दिवा आणि बायकांसाठी पक्के संडास देणं त्याहून अवघड कसं? तळ दरवर्षी लागतो, कोण येणार ते करारातून आधीच ठरलेलं असतं, महिनेही ठरलेले असतात. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट इतकी स्पष्ट कधीच नसते.

व्हॅनचं काम मी चालू ठेवलंय. आरटीओच्या कागदांची चौकशी केली, फळ्यांचं माप काढलं. आईने पण एक सुधारणा सुचवली, की पाण्याचे कॅन मागच्या दाराजवळ ठेव, रोज आत-बाहेर करताना कंबर जात नाही. अनुभवाची गोष्ट आहे, मी लगेच आराखडा बदलला.

तुमच्याकडे घरात कोणी तोडीला, तमाशाच्या फडाबरोबर, मेंढरांमागे किंवा ट्रकवर आयुष्य काढलं असेल, तर त्यांना एकदा विचारा, गाडीत सगळ्यात आधी काय ठेवायचात? आणि मुक्कामाला जागा कोण द्यायचं? मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास अजून फारसा कोणी लिहिलेला नाही, आणि तो माहीत असलेली माणसं आत्ता सत्तरी-ऐंशीत आहेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.