सौर औष्णिक वीजकेंद्रांचे प्रतिरूपण : सुपरक्रिटिकल कार्बन डाय-ऑक्साइड चक्र

आरशांनी ऊन एकवटून उष्णता मिळवणाऱ्या, ती साठवणाऱ्या व तिच्यावर टर्बाइन चालवणाऱ्या वीजकेंद्राच्या वर्षभराच्या कामगिरीचे संगणकीय गणित. यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने विकसित केलेली ‘सॅम’ ही मोफत आज्ञावली मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली.

पार्श्वभूमी : आरशांनी ऊन उंच मनोऱ्यावर एकवटणाऱ्या प्रचलित मनोरा-केंद्रांत ६०% सोडियम नायट्रेट व ४०% पोटॅशियम नायट्रेट यांचा वितळलेला क्षार सुमारे ५६५° से.पर्यंत तापवून त्याच्या उष्णतेने वाफ तयार करतात. स्पेनमधील हेमासोलर केंद्र (२०११) अशा तापलेल्या क्षाराच्या साठ्यावर सूर्यास्तानंतर १५ तास चालू शकते. तापमान ७००° से.च्या पुढे नेऊन वाफेऐवजी दाबाखालील तप्त कार्बन डाय-ऑक्साइडने टर्बाइन फिरवणारे ब्रेटन चक्र वापरले, तर कार्यक्षमता ५०% च्या आसपास नेता येईल, अशी अपेक्षा आहे. या चक्राची पायाभूत मांडणी इटलीत अँजेलिनो व अमेरिकेत फेहर यांनी १९६०च्या दशकात केली.

पद्धती : वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाचे ऊन, हवेचे तापमान व वारा विचारात घेऊन आरसे, एकवटलेले ऊन झेलणारा रिसीव्हर, साठा व टर्बाइन यांचा उष्णतेचा ताळेबंद मांडतात.

विशेष अडचणी : कार्बन डाय-ऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१° से. व ७३.८ बार येथे आहे; दोन्ही त्याहून जास्त असले, की तो ‘सुपरक्रिटिकल’ म्हणवतो. या बिंदूजवळ वायू दाट असल्याने कॉम्प्रेसरला तो दाबायला कमी काम लागते. मात्र ८० बार दाबाला तापमान ३२° वरून ४५° से.वर गेले, की घनता निम्म्याहून खाली येते व कॉम्प्रेसरच अधिक वीज खातो. वाळवंटात पाणी दुर्मिळ असल्याने हवेनेच थंड कराव्या लागणाऱ्या केंद्रात भर दुपारी नेमके हेच घडते. घनता अशी झपाट्याने बदलत असल्याने या वायूचे गुणधर्म आदर्श वायूच्या सूत्राने काढून चालत नाही.

दुसरा प्रश्न साठ्याचा. या ब्रेटन चक्राच्या मांडण्यांपैकी पुनर्संपीडन चक्र बाहेर पडणारी बरीचशी उष्णता स्वतःच परत वापरते. त्यामुळे क्षाराचे तापमान थोडेच उतरते आणि तेवढ्याच उष्णतेसाठी क्षार जास्त लागतो. अंशतः शीतन चक्र या दुसऱ्या मांडणीत हा उतार मोठा मिळतो, साठा लहान होतो.

महत्त्व : सर्वाधिक कार्यक्षम चक्र सर्वांत स्वस्त वीज देईलच असे नाही, निवड संपूर्ण केंद्राच्या वार्षिक गणितावरच करावी लागते. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील याच चक्राचा १० मेगावॉटचा ‘स्टेप’ हा प्रायोगिक प्रकल्प उन्हावर नव्हे, नैसर्गिक वायूवर चालतो. तरीही त्यातील मोजमापे ही प्रतिरूपे पडताळण्यास मोलाची आहेत.