दुधाचे दात पडणारच आहेत, मग काळजी कशाला?

दुधाच्या दातांची घडण बाळ पोटात असताना, साधारण 6व्या आठवड्यापासून सुरू होते. बहुतेकांना 6 ते 10 महिन्यांत खालचे पुढचे दात येतात आणि 3 वर्षांपर्यंत 20 दात पूर्ण होतात. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते. पण जास्त ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत. तेव्हा बाळाला डॉक्टरांकडे न्या.

6व्या वर्षाच्या सुमारास कायमचा दात वर सरकताना दुधाच्या दाताचे मूळ झिजते आणि तो हलू लागतो. दुधाच्या दाढा मात्र 10-12 वर्षांपर्यंत लागतात. किडून त्या लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचे दात वाकडे येऊ शकतात.

खरी फसगत पुढेच होते. याच वयात दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. पालक तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची आहे! तिच्यावर काळा डाग दिसला, तर दुखण्याची वाट पाहू नका. नाशिककरांना पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयातही मुलांचे दात दाखवता येतात.