हॅलोवीनला "अमेरिकेचं खूळ" म्हणणाऱ्या सगळ्या काकांसाठी

ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडच्या ग्रुपवर एक ठरलेलं भांडण लागतं. युरोपात शिकायला गेलेल्या कुणाच्या तरी मुलीचा फोटो येतो. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली काळं, हातात कोरलेला भोपळा. लगेच एक काका लिहितात, "यासाठी कर्ज काढून पाठवलं का?" दुसऱ्यांच्या मते हे अमेरिकेचं खूळ. तिसरे ठासून सांगतात की हा मुळात आपलाच पितृपक्ष, तिकडे जाऊन बिघडलेला. शेवटी पोरगी बिचारी फोटो काढून टाकते.

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांची मुलं आयर्लंडला आहेत त्यांनी तरी वाचा. डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिकला एमएससी करायला गेलेली मुलं आता आपल्या छोट्या गावांतही सापडतात. आणि हॅलोवीनचं माहेर विचाराल तर ते आयर्लंडच.

आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच 'साविन'. ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे साविनची रात्र. उन्हाळा संपला, डोंगरावरच्या कुरणात गेलेली गुरं खाली आली, आता अंधाराचे महिने सुरू, असा हा गुराख्या-शेतकऱ्यांचा काळाचा सांधा. जुन्या आयरिश कथांत या रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि पलीकडच्या जगातले लोक इकडे येतात. मात्र या कथा लिहून ठेवल्या त्या ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी, मध्ययुगात. त्यामुळे "दोन हजार वर्षांपूर्वी पुजारी अमुक बळी द्यायचे" असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ दिसले की थोडं सावध राहिलेलं बरं.

चर्चची बाजूही दिसते तेवढी सरळ नाही. 'हॅलो' म्हणजे संत, 'ईन' म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची ही आदली संध्याकाळ. नवव्या शतकात हा सण पश्चिम युरोपात १ नोव्हेंबरला पक्का झाला. "चर्चने आयरिश लोकांचा सण गिळला" असं म्हटलं जातं, पण त्याच काळात आयर्लंडमध्ये सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला पाळल्याची नोंद आहे! म्हणजे तारीख बहुधा दुसरीकडून आली आणि इथल्या साविनवर येऊन बसली. पुढे २ नोव्हेंबर हा मृतांच्या आत्म्यांचा दिवस झाला. तो आपल्याला परका नाही. वसईत, गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं त्या दिवशी दफनभूमीत जातात, कबरी स्वच्छ करून फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. हॅलोवीनशी आपलं खरं नातं शोधायचंच असेल तर ते इथे आहे. पितृपक्षाचं म्हणाल, तर पूर्वजांसाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवणारे समाज जगात पुष्कळ आहेत. तेवढ्यावरून कुणी कुणाकडून उचललं हे ठरत नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सरकारने एक भन्नाट काम केलं. प्राथमिक शाळांमधल्या पोरांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. पन्नास हजारांहून जास्त मुलांनी ते केलं. आज त्या वह्यांची पानं इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. (आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांनी असं काही केलं असतं तर केवढा खजिना झाला असता!) त्यांत साविनची रात्र पोरांच्या हस्ताक्षरात आहे. दोरीला टांगलेलं सफरचंद हात न लावता दातांनी पकडायचं. चुलीत दोन दाणे शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते एकत्र राहतात की उडून लांब जातात यावरून जोडप्याचं भविष्य सांगायचं. मनुके घातलेला बार्मब्रॅक नावाचा गोड पाव कापायचा. त्यात अंगठी निघाली तर लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर दारिद्र्य. तरुण पोरं तोंड झाकून घरोघरी जायची आणि कंजूष माणसाचं फाटक उचलून दुसऱ्याच्या शेतात नेऊन ठेवायची. शिमग्याला दुसऱ्याची लाकडं पळवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि भोपळा? आयर्लंडमध्ये भोपळा नव्हताच. तिथे सलगम कोरायचे. मेयो परगण्यातल्या ग्रामजीवनाच्या संग्रहालयात डोनेगॉलकडच्या अशा एका सलगमाचा साचा ठेवलाय. एकदा फोटो बघा. आत्ताचा हसरा भोपळा त्याच्यापुढे बालवाडीतला वाटतो.

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळ आला. साधारण दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. मोठा लोंढा अमेरिकेला गेला. बरोबर न्यायला फार काही नव्हतंच, पण सण गेले. तिकडे सलगमाऐवजी मोठा, मऊ भोपळा हाताशी होता. विसाव्या शतकात कॅनडा-अमेरिकेत 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द रुळले, कंपन्यांनी चॉकलेटं आणि मुखवटे विकायला घेतले, आणि तोच सण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत मायदेशी आला. त्याच्याही आधी डब्लिनची पोरं दारात उभी राहून हॅलोवीन पार्टीला मदत मागायची, सफरचंद आणि दाणे घेऊन जायची. तेव्हा अमेरिकेचं खूळ म्हणणाऱ्या काकांनी हा उलटा प्रवास लक्षात घ्यावा.

या सणाला रक्ताचा डागही आहे. ३० ऑक्टोबर १९९३. उत्तर आयर्लंडमधल्या ग्रेस्टील गावातल्या रायझिंग सन बारमध्ये हॅलोवीनची पार्टी चालू होती. आठवडाभरापूर्वी बेलफास्टच्या शँकिल रोडवर आयआरएने बॉम्ब फोडला होता. त्याचा सूड म्हणून प्रोटेस्टंट अतिरेकी मुखवटे घालून बारमध्ये शिरले. सुरुवातीला लोकांना वाटलं, कुणीतरी गंमत करतंय. त्यातला एक "ट्रिक ऑर ट्रीट" असं ओरडला आणि गोळीबार सुरू झाला. आठ माणसं गेली. सर्वांत लहान १९ वर्षांची मुलगी, सर्वांत मोठे ८१ वर्षांचे आजोबा. सूड कॅथलिकांवर उगवायचा होता, पण मेलेल्यांत दोघं प्रोटेस्टंट निघाले.

तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर डेरी शहर आहे. ऐंशीच्या दशकात, लष्कराचे तपासनाके असताना, तिथल्या लोकांनी वेषांतर करून रस्त्यावर यायला सुरुवात केली होती. एका बारमध्ये वेषांतराची पार्टी चालू असताना बॉम्बची अफवा आली, सगळे भुतं-चेटकिणी बनून बाहेर पडले आणि बाहेरच नाचायला लागले, असं तिथले लोक सांगतात. ग्रेस्टीलनंतरही ते थांबले नाहीत. आज तिथला हॅलोवीन महोत्सव युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक मानला जातो. ज्या शहरात समोरचा कॅथलिक की प्रोटेस्टंट हे नावावरून आणि गल्लीवरून ओळखायची सवय होती, तिथे एक रात्र कोण कोण आहे तेच कळत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. तेव्हा इथल्या कितीतरी घरांत झोप उडाली होती. अशा वर्षी मुलगी रंग फासून शेजारच्या आयरिश पोरांबरोबर फिरली, त्यांच्यासाठी दारात चॉकलेटांचं ताट घेऊन उभी राहिली, तर मला त्यात संस्कार बुडाल्याचं दिसत नाही. शेजारी तिला नावाने ओळखायला लागतात ते असंच. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच आपली नरक चतुर्दशी होती. सकाळी अभ्यंगस्नान, संध्याकाळी भुताचा वेष, दोन्ही एकाच दिवशी जमून गेलं असतं.

एक कामाची गोष्ट राहिली. डब्लिनच्या बाजूला, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, सर्वसामान्य माणसाने आवाजाचे फटाके-रॉकेट बाळगणं हा गुन्हा आहे. हॅलोवीनला तिकडची पोरं चोरून उडवतात म्हणून आपल्या मुलांनी दिवाळीला तसलं काही करू नये, विद्यार्थी व्हिसावर असताना तर नाहीच. फराळ खुशाल पाठवा.

आपल्या तालुक्यातलं कुणी डेरीला हॅलोवीनला जाऊन आलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. फोटो टाका. आणि या वेळी काढून टाकू नका.