गोल्डफिश, कोई आणि त्यांचा संकर : ओळख कशी पटवावी?

बंगल्याच्या बागेतील हौदात किंवा हॉटेलच्या आवारातील तळ्यात गोल्डफिश आणि कोई हे दोन शोभिवंत मासे सर्रास एकत्र सोडले जातात. काही महिन्यांनी पाणवनस्पतींच्या आडोशाला करड्या-तपकिरी रंगाची बोटभर पिल्ले दिसू लागतात. ती गोल्डफिशची म्हणावीत तर अंगाने लांबट असतात. कोईची म्हणावीत तर मिशा नीट दिसत नाहीत. अशा वेळी ती या दोहोंच्या संकरातून जन्मलेली असण्याची शक्यता असते. हा संकर निसर्गतः घडतो, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र तो ओळखण्यासाठी केवळ रंगावर विसंबून चालत नाही.

एकाच कुळातील दोन शाखा

दोन्ही मासे कार्प कुळातील आहेत. गोल्डफिशचे शास्त्रीय नाव कॅरॅसियस ऑरेटस. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीच्या काळात, तो पाळीव झाला. कोई हा मात्र वेगळ्या प्रजातीचा, म्हणजे कार्पचा रंगीत वाण होय. जपानच्या निगाता प्रांतातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून रंगीत मासे निवडून तो घडवला आणि १९१४ च्या टोकियो येथील प्रदर्शनानंतर त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. आपल्याकडील मत्स्यशेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, तो कॉमन कार्प कोईचा सख्खा भाऊबंदच आहे. हा मासा भारतात प्रथम १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणण्यात आला. मैदानी प्रदेशात रुळलेला वाण १९५७ मध्ये बँकॉकहून आला.

गोल्डफिश आणि कार्प या दोहोंच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या सुमारे १०० असते. दोघांची अंडी चिकट असून ती पाणवनस्पतींना चिकटवली जातात आणि फलन मादीच्या शरीराबाहेर, पाण्यातच होते. एकाच हौदात एकाच सुमारास अंडी घातली गेली, की एका जातीच्या नराने दुसऱ्या जातीची अंडी फलित करणे सहज शक्य होते.

पहिली खूण मिशांची

तोंडाजवळच्या मिशा ही सर्वांत सोपी खूण होय. कोईला मिशांच्या दोन जोड्या असतात : वरच्या ओठावर एक आखूड जोडी आणि तोंडाच्या कोपऱ्यांशी एक लांब जोडी. गोल्डफिशला मिशा मुळीच नसतात. संकरित माशाला बहुधा एकच आखूड, बारीक जोडी असते. क्वचित दोन्ही जोड्या पण खुरटलेल्या, क्वचित एकाच बाजूला मिशी, तर काही वेळा मिशांचा पूर्ण अभावही आढळतो.

म्हणूनच मिशा हा संशयाला आधार आहे, अंतिम निकाल नव्हे. कोईच्या अगदी लहान पिल्लांच्या मिशा नजरेस येत नाहीत. मोठ्या माशाची मिशी इजेमुळे तुटलेली असू शकते. पिल्ले बोटाएवढी होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

खवल्यांची मोजणी

दुसरी खूण पार्श्वरेषेवरील खवल्यांची. माशाच्या कुशीवर कल्ल्याच्या झाकणापासून शेपटीच्या मुळापर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ दिसते, तीच पार्श्वरेषा. या रेषेवरील खवले गोल्डफिशमध्ये साधारण २५ ते ३१, तर कार्पमध्ये ३३ ते ४० असतात. संकरित माशात ही संख्या बहुधा मधली भरते. खवले मोजण्यासाठी माशाला पाण्याबाहेर ताटकळत ठेवण्याची गरज नाही. स्वच्छ पाण्याच्या पारदर्शक पिशवीत त्याला क्षणभर घेऊन कुशीचे आणि तोंडाचे जवळून छायाचित्र काढावे, मासा लगेच हौदात सोडावा आणि मोजणी छायाचित्रावरून निवांत करावी.

‘दोइत्सु’ या वाणाच्या कोईवर मात्र ही पद्धत चालत नाही. त्याच्या अंगावर मोजकेच, मोठे खवले असतात. उरलेली त्वचा उघडी असते.

फसवणाऱ्या खुणा

रंगावरून निर्णय करणे सर्वांत धोक्याचे. संकरित मासे पुष्कळदा रानटी कार्पसारखे करडे-तपकिरी निघतात, हे खरे. पण शुद्ध गोल्डफिशची पिल्लेही आरंभी तशीच असतात आणि काही महिन्यांनी रंग धरतात. पाठीवरील लांब पर आणि त्याचा करवतीसारखा दातेरी काटा दोन्ही जातींत असतो. या परातील किरणांची संख्याही परस्परांत मिसळते, त्यामुळे तिचा उपयोग थोडा.

लांब, झुळझुळीत परांचे ‘बटरफ्लाय कोई’ पाहून ते गोल्डफिशशी झालेल्या संकरातून आले असावेत असा समज होतो. तो चुकीचा आहे. लांब परांच्या कार्पपासून तयार झालेला तो वाण असून त्याच्या मिशांच्या दोन्ही जोड्या शाबूत असतात. उलट, एकेरी शेपटीचा ‘कॉमेट’ गोल्डफिश अंगाने सडपातळ असल्याने कोई म्हणून खपून जातो. त्याचे तोंड पाहिले की शंका फिटते.

मेलेल्या माशाची साक्ष

मासा मेल्यास अधिक खात्रीच्या खुणा तपासता येतात. कार्प कुळातील माशांचे दात जबड्यात नसून घशात असतात. गोल्डफिशमध्ये प्रत्येक बाजूला चार दातांची एकच ओळ असते, कार्पमध्ये तीन ओळी. संकरित माशात बहुधा दोन. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवरील कंगव्यासारखे दाते कार्पमध्ये २१ ते २७, गोल्डफिशमध्ये ३७ ते ४३ असतात. संकरित माशात ही संख्या दोहोंच्या दरम्यान येते.

अखेरचा निर्णय जनुकीय चाचणीचा. मात्र तंतुकणिकांतील डीएनए केवळ आईकडून येत असल्याने त्याच्या चाचणीतून फक्त माता कळते. पित्याचा पत्ता लागण्यासाठी पेशीकेंद्रकातील डीएनए तपासावा लागतो. अशा विषयांचे शिक्षण व संशोधन मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (स्थापना १९६१) आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत (स्थापना १९८३) चालते.

ओळख कशासाठी?

हा केवळ हौशी मंडळींच्या कुतूहलाचा प्रश्न नाही. पहिला मुद्दा फसवणुकीचा : चांगल्या कोईची किंमत गोल्डफिशच्या कितीतरी पट असते आणि लहान पिल्लांत भेद करणे अवघड जाते. दुसरा रोगाचा. कोई हर्पिस विषाणूमुळे कार्प मोठ्या संख्येने मरतात. गोल्डफिश सहसा या रोगाने आजारी पडत नाहीत. संकरित माशांना मात्र त्याची लागण होऊ शकते आणि त्यांपैकी काही दगावतातही. संकर झाला म्हणजे मासा रोगमुक्त झाला, असे मानू नये.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. संकरित मासा खेचरासारखा वांझ असतो, असे सांगितले जाते. नर बहुधा वांझ असतात. माद्या मात्र काही वेळा प्रजननक्षम निघतात. चीनमधील हुनान येथील संशोधकांनी तर लाल क्रुशियन कार्प या गोल्डफिशच्या निकटच्या वाणाचा कॉमन कार्पशी संकर करून पिढ्यानपिढ्या प्रजनन करणारा वंश निर्माण केला. अमेरिकेतील ईरी सरोवरात दोन्ही परके मासे पोहोचल्यावर त्यांचे संकर उघड्या पाण्यातही आढळले.

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजासारख्या गावी एखाद्या शेततळ्यात सायप्रिनस वाढत असेल आणि शहरातून आलेल्या कोणी नकोसे झालेले गोल्डफिश हौसेने त्यात सोडले, तर तेथेही हेच घडू शकते. शेतकऱ्याच्या मत्स्यबीजात भेसळ होते आणि तळे ओसंडले की ती नाल्यावाटे नदीत जाते. हौदात संशयास्पद पिल्ले आढळल्यास मिशा पाहाव्यात, खवले मोजावेत, दोन-तीन खुणा जुळल्यावरच निष्कर्ष काढावा. निष्कर्ष काहीही निघो, ती पिल्ले हौदातच सांभाळावीत किंवा दुसऱ्या हौशी पालकाला ती कोणत्या संकराची आहेत हे सांगून द्यावीत. नदी, तलाव वा शेततळे ही त्यांची जागा नव्हे.