मालवण किनाऱ्याची सटीप ग्रंथसूची : नावांचा प्रश्न

मालवण किनाऱ्याच्या बोलीचा अथवा इतिहासाचा विषय प्रबंधासाठी घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले काम सूचीचे करावे लागते. ग्रंथालयाच्या तालिकेत 'सिंधुदुर्ग' हे शीर्षक काढून पाहिले, तर हाती येते ते एक तर शिवछत्रपतींच्या जलदुर्गाविषयीचे वाङ्मय, नाही तर १९८१ नंतरचे जिल्हाविषयक लेखन. त्यावरून या प्रदेशाविषयी पूर्वी फारसे लिहिलेच गेले नाही असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. लेखन पुष्कळ आहे. मात्र ते आजच्या नावाखाली नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यापूर्वीची शासकीय माहिती 'रत्नागिरी' या नावाखाली शोधावी लागते. १८८० चा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड 'रत्नागिरी व सावंतवाडी' असा जोडनावाचा आहे, कारण त्या वेळी मालवण इंग्रजी मुलखात आणि सावंतवाडी संस्थानात होती. १९६२ च्या सुधारित आवृत्तीत हे जोडनाव उरले नाही. दरम्यान संस्थान विलीन झाले होते. आणखी मागे जावे तर मालवण कोल्हापूरकरांकडे होते आणि ते १८१२ मध्ये इंग्रजांना मिळाले. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले होते. या अल्पकाळाच्या नावाची नोंद ज्याच्या सूचीत नाही, त्याला त्या प्रसंगाचे इंग्रजी कागद समोर असूनही ओळखू येणार नाहीत. तात्पर्य, या किनाऱ्यापुरती तरी ग्रंथांच्या यादीआधी नावांची यादी तयार करणे प्राप्त आहे.

बोलीच्या बाबतीत ही अडचण अधिक खोल जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या नावात भाषेचा उल्लेख 'कानारीम' असा आहे. केवळ मुखपृष्ठावरून सूची करणारा मनुष्य हा ग्रंथ कन्नडाच्या कप्प्यात टाकील, आणि तसे झाल्यास त्याला दोष देता येणार नाही. याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती कुन्य रिव्हार यांनी १८५७ मध्ये गोव्यात काढली, तेव्हा नावात 'कोंकणी' हा शब्द आला. सूचीत या दोन नोंदी लांब लांब पडल्या, तर एकच ग्रंथ दोन भाषांचा ठरतो. अशा ठिकाणी टीप हा सूचीचा अलंकार राहत नाही. तिच्यावाचून नोंदच खोटी ठरते. रिव्हारांनी कोंकणी भाषेवर लिहिलेल्या ऐतिहासिक निबंधाचे इंग्रजी भाषांतर अ. का. प्रियोळकरांनी आपल्या भारतातील मुद्रणकलेवरील १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात समाविष्ट केले आहे. ज्याला पोर्तुगीज येत नाही त्याने तेथून आरंभ करावा, हे टिपेत सांगण्याजोगे आहे. मुद्रणाच्या ग्रंथात भाषेचा इतिहास सापडेल अशी अपेक्षा तालिका पाहणाऱ्याला सहसा नसते.

मालवणीची कथाही अशीच आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा सातवा खंड १९०५ चा. त्यात ही बोली 'कुडाळी' या नावाने येते, आणि तीही कोंकणीच्या पोटात. पुढे अ. मा. घाटगे यांनी १९६५ मध्ये 'कुडाळी' हाच स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला; परंतु ज्या मालेत तो निघाला तिचे नाव 'मराठी बोलींची पाहणी' अशा अर्थाचे आहे, आणि त्याच मालेचा १९६३ चा पहिला खंड दक्षिण कानडातील कोंकणीचा आहे. बोली एक, नाव एक, परंतु छत्र वेगळे. मधल्या काळात, १९४२ मध्ये, सु. मं. कत्रे यांचा कोंकणीच्या घडणीवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला होता. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली व १९९२ मध्ये तिचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. त्यामुळे 'कुडाळी' ही नोंद कोणत्या शीर्षकाखाली बसवावी हा केवळ कारकुनी प्रश्न राहत नाही. सूचीकाराने जे शीर्षक निवडले, तो त्या वादातील त्याचा अभिप्राय होतो, मग त्याला तो द्यावयाचा असो वा नसो. प्रबंध लिहिणाऱ्याने आपला निर्णय टिपेत उघड करावा आणि दुसऱ्या शीर्षकाखाली 'पाहा' अशी सूचना ठेवावी, हाच प्रामाणिक मार्ग दिसतो.

सामग्रीच्या स्वरूपाविषयीही टिपेने बोलले पाहिजे. ग्रियर्सनच्या पाहणीत बोलीबोलींतून गोळा केलेला ठरावीक नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर होय. तुलनेसाठी ते सोयीचे खरे. पण भाषांतरित वाक्यावरून सहज बोलण्याची वाक्यरचना अनुमानणे धोक्याचे असते. 'महत्त्वाचा ग्रंथ', 'उपयुक्त माहिती' असली शेलकी विशेषणे लिहून टीप भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हे लक्षात येत नाही. (ही विशेषणे मार्गदर्शकांच्याही सूचींत आढळतात.) सामग्री केव्हा जमविली, कोणाकडून, कोणत्या रीतीने, एवढे तीन वाक्यांत सांगता आले तर प्रशंसेची जरुरी उरत नाही.

मराठीत सूचीची परंपरा दरिद्री नाही. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४३ मध्ये निघाला व त्यात १८०० ते १९३७ पर्यंतचे ग्रंथ आले. १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. या कार्याचा आधार न घेता मराठीत कोणाचेही काम चालत नाही. तथापि १८०० ही सीमा या किनाऱ्याला फार जाचते. शेजारच्या गोव्यात सतराव्या शतकातच, रोमन लिपीत, ग्रंथ छापले गेले होते. १६१६ चे 'ख्रिस्तपुराण' हे त्यांपैकी सर्वश्रुत. दात्यांची सूची व प्रियोळकरांचे मुद्रणविषयक संशोधन ही दोन्ही शेजारी ठेवूनच चित्र पुरे होते.

आणखी एक साधन विद्यार्थ्यांकडून दुर्लक्षिले जाते. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक-नोंदणी कायद्यान्वये इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटात येऊ लागल्या. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता व विषय यांखेरीज पृष्ठसंख्या, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की टंकछाप, किंमत, इतकी कलमे नोंदविणे कायद्यानेच आवश्यक केले होते. एखाद्या छोट्या चोपड्याच्या किती प्रती निघाल्या हे कळले, म्हणजे तो कोणासाठी छापला असावा याचा अंदाज बांधता येतो.

जे छापलेच गेले नाही त्याचे काय, हा प्रश्न राहतोच. दशावतारातील संवाद नट आयत्या वेळी रचतात. त्याची संहिता सूचीत यावी कोठून? गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मालवणी बोली मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांच्या ओळखीची झाली. ग्रंथालयात ते मराठी नाटकांत असते, आणि बोलीचा अभ्यासक तिकडे फिरकत नाही. त्याची एक पत्रिका 'कुडाळी'च्या शीर्षकामागे, घाटग्यांच्या खंडाशेजारी, लावून ठेवण्यास हरकत नसावी.