निरख आणि गुन्हेगारी : जमाखर्चाच्या यादींचा एक उपयोग

संग्राहक मंडळी सनद किंवा वतनपत्र दिसतांच हात पुढें करितात. धान्याच्या निरखाची किंवा ‘गुन्हेगारी’ सदराची याद मात्र रद्दींत जाते. आमचा आग्रह तिच्यासाठीं आहे.

धान्य महागलें म्हणजे चोऱ्या वाढतात व मारामाऱ्या घटतात, असें गेऑर्ग फॉन मायर या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें बव्हेरियाच्या आंकड्यांवरून १८६७ त दाखविलें. आमच्याकडे हा नियम सरळ लागत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें उसळलेला दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तो महागाईमुळें नव्हे. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत (१८६१-६५) चढलेला कापसाचा भाव पुढें उतरला, सारा वाढला, सावकाराचें देणें थकलें. लोकांचा रोख खतांवर होता. खतें जाळलीं, सावकाराच्या जिवास बहुधा धक्का लाविला नाहीं. हिंसेची मोजदाद करणारानें हा भेद विसरूं नये.

सरकारी चौकशी झाली ती इंग्रजी मुलुखापुरती. बीड तेव्हां निजामाकडे. म्हणून आजच्या माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुडसारख्या गांवाची हकीकत त्या अहवालांत शोधणें व्यर्थ. तेथें भिस्त घरोघरच्या दप्तरांवरच. त्यांतही गुन्हेगारी हें दंडाचें जमासदर. अंमलदार कडक आला कीं रक्कम फुगे, गुन्हे वाढलेच असें नव्हे. यास्तव नुसती बेरीज न घेतां कलमवार गुन्हा, साल आणि निरख हीं तिन्ही शेजारीं मांडावीं. अशी याद हातीं आल्यास सन आधीं उतरून घ्यावा; कागदाची वरची कडच बहुधा प्रथम तुटते.