संखेड्याचे लाखकाम : हस्तनिर्मित फर्निचरमागील सर्जन व सचोटी

भारतीय हस्तव्यवसायांच्या इतिहासलेखनात वस्त्रे व धातुकाम यांना जे स्थान लाभले, ते घरगुती फर्निचरला लाभले नाही. गुजरातमधील संखेडा येथील लाखकाम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ओरसंग नदीकाठचे हे गाव पूर्वी गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होते. २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. येथील खरादी-सुतार पाळणे, झोपाळे व खुर्च्या परंपरेने घडवीत आले आहेत.

सागवानाचा प्रत्येक पाय, दांडा व कठड्याचा खांब खरादावर स्वतंत्रपणे कातला जातो. सपाट फळीवर चित्रकार मोकळा असतो. गोल लाकडावर मात्र त्याला वर्तुळाची शिस्त पाळावी लागते. लाकूड फिरत असता कुंचला स्थिर धरला की वलय उमटते. मग खराद थांबवून दोन वलयांमधील जागेत पाने, फुले, जाळी रेखाटली जाते. कारागिराच्या कल्पकतेस वाव मिळतो तो या मधल्या जागेत.

सर्वांत लक्षणीय बाब सोनेरी नक्षीची. तीत सोने नसतेच! कथलाचा वर्ख सरसात घोटून त्याची शाई करतात. रेखाटलेली नक्षी अकीकाने घासली की रुपेरी चमकते आणि वर पारदर्शक लाखेचा थर चढला की तीच सोनेरी भासते. केवड्याचे पान व अकीक यांनी शेवटची झिलई दिली जाते. यास सोन्याची नक्कल म्हणावे काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. येथे मोल धातूचे नसून घोटणाऱ्या हाताचे आहे. घोटणे अपुरे राहिले तर नक्षी मंद दिसते.

विजेवरील खरादाने शारीरिक कष्ट कमी केले, त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. जुन्या कष्टांचे गोडवे बहुधा ते न केलेलेच गातात. लाखेऐवजी तयार रासायनिक रंग व वार्निश वापरणे ही मात्र निराळी गोष्ट आहे, कारण तेथे कृतीच बदलते. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली संखेडा फर्निचरची नोंद झाली आहे. त्यायोगे नावास संरक्षण मिळते. परंतु लाखेची खुर्ची कोणती व वार्निशची कोणती, हे पारखणारा ग्राहक कायद्याने घडत नाही.

या वस्तूंवर कारागिराची सही नसते. म्हणून जुन्या घरांतील झोपाळे नव्याने रंगविण्यापूर्वी त्यांची नोंद व छायाचित्रे घेणे अगत्याचे आहे. हात लागून लागून जेथे लाख झिजते, तेथे खालचे रुपेरी कथील उघडे पडते. अभ्यासकाने प्रथम तीच जागा पाहावी.